फाडण्याचा अधिकार

आमच्या घरातले कोणतेही जुने कापड आधी माझ्यापुढे येते आणि मग ठरते की ते पायपुसणे होणार, तव्याचे फडके होणार, की गोधडीत जाणार. या न्यायनिवाड्यात मी फार कडक आहे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आमच्या यजमानांचा आकाशी सदरा दोरीवर वाळत असला की ते मधूनमधून खिडकीशी येऊन बघून जातात. अजून तिथेच आहे ना, म्हणून. त्या सदऱ्यावर माझा तीन वर्षांपासून डोळा आहे, हे त्यांना ठाऊक आहे. कॉलर विरली आहे, कोपरांपाशी पलीकडचे दिसू लागले आहे. पण पाठ अशी मऊ झाली आहे की नुसता हात फिरवीत बसावे. सुती कापडाला हा मऊपणा गिरणीतून मिळत नाही. शेकडो वेळा धुतल्यावर आणि शेकडो वेळा अंगावर घामेजल्यावर कुठे तो येतो. आणि येतो तेव्हा कापडाचे दिवस भरत आलेले असतात. माणसांचेही काही वेळा असेच होते, पण ते असो.

गोधडीचा हिशेब सोपा आहे. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे दोन-दोन मीटरांचे चार तुकडे करावेत, दोन दोन तुकडे शेजारी शेजारी जोडावेत, की एका लुगड्यात गोधडीचा वरचा आणि खालचा असे दोन्ही थर निघतात. मध्ये धोतरे, विरलेल्या चादरी, जे घरात असेल ते. सगळे जमिनीवर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर पितळेचे तांबे ठेवायचे, लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालायला बसायचे. बोटभर अंतराने ओळी घेतल्या तर शंभरावर ओळी होतात. प्रत्येक ओळ दोन मीटरांची. म्हणजे एका गोधडीत २०० मीटरांहून अधिक शिवण हाताखालून जाते. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते, हे ज्ञान मला माझ्या नातीने शाळेतून येऊन दिले. चाळीस वर्षे मी हवा शिवीत होते आणि मला पत्ता नव्हता!

अलीकडे कापडाचीच पंचाईत झाली आहे. सुनेच्या कपाटातल्या साड्या दिसायला देखण्या. पण त्यांतल्या निम्म्या पॉलिस्टरच्या. ते कापड सुईखाली सरकते, घाम पीत नाही, आणि कितीही धुवा, पहिल्या दिवसासारखेच राहते. लोक त्याला गुण म्हणतात. मला त्या कापडाची थोडी भीती वाटते. जे झिजत नाही त्याला वापरणाऱ्याची ओळख तरी कशी लागायची?

पण शिवण्याआधी एक काम करावे लागते, आणि आज मला लिहायचे आहे ते त्या कामाविषयी. कापड फाडावे लागते. जुन्या कापडाला कात्रीने नुसती एक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचे. सुताच्या वाटेने ते कात्रीहून सरळ फाटत जाते. त्याचा जो आवाज होतो तो घरात सर्वांना ऐकू जातो. मी दुपारी फाडायला बसले की स्वयंपाकघरातून सून विचारते, "आई, कुणाचं?" काय फाडता, असे ती विचारत नाही. कुणाचे, असेच विचारते. तिच्या नकळत तिने नेमका प्रश्न काढला आहे, असे मला अनेकदा वाटते.

आपल्याकडे फाडण्याची एक कथा घरोघर माहीत आहे. कृष्णाचे बोट कापले, रक्त थांबेना. सुभद्रा, त्याची सख्खी बहीण, चिंधी शोधीत राहिली. तिच्या पेट्या शालूपैठण्यांनी भरलेल्या, त्यांत चिंधी कुठली सापडायला? द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडले आणि पट्टी बांधली. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. लोकांनी ती आपल्या समाधानासाठी घडवली. लहानपणी ऐकताना मी अर्थातच द्रौपदीच्या बाजूची होते. वय वाढले तशी सुभद्रेची दया येऊ लागली. आणि गोधड्या शिवू लागल्यावर ध्यानात आले की या कथेत अवघड प्रश्न टाळला आहे. द्रौपदीने आपले स्वतःचे वस्त्र फाडले. स्वतःचे फाडायला मन मोठे असले की पुरते. पण समजा, ते वस्त्र तिच्या गेलेल्या आईचे असते, आणि तिच्या भावाला ते आईची आठवण म्हणून जसेच्या तसे हवे असते, तर?

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत अकरा लुगडी होती. वापरातली, सुती, दोन-तीन इरकली. पैठणी वगैरे काही नव्हते. मी वन्संना म्हटले, "तीन गोधड्या होतील. एक तुम्हांला, एक धाकट्या भाऊजींकडे, एक इथे." वन्सं ट्रंकेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आईचं लुगडं फाडणार तू? मला ते आईलाच फाडल्यासारखं वाटेल." पंचेचाळीस वर्षांत त्या माझ्याशी इतक्या तुटकपणे बोलल्या नव्हत्या.

मी त्यांना तेव्हा पुष्कळ काही सांगू शकले असते. बुद्धाच्या भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवतात. विनयपिटकात त्याची हकीकत आहे: मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते दाखवून बुद्धाने आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का, आणि आनंदाने ते बेतून दाखवले. कापड कापून जोडले की चोराला त्याचा मोह उरत नाही आणि वापरणाऱ्याला त्याचा गर्व. स्मशानातून नि उकिरड्यावरून वेचलेल्या चिंध्यांचे चीवर तर आणखी वरच्या पायरीचे. आपले गाडगे महाराज १९५६ साली गेले, तोवर अंगावर ठिगळांचेच वस्त्र वापरीत. त्यांना गोधडे महाराजही म्हणत. म्हणजे फाडले की वस्तू बाजारातून उठते. अखंड लुगड्याची किंमत करता येते, वाटणी करता येते, त्यावरून अबोला धरता येतो. फाटक्या तुकड्यांवरून भांडायला कोण येणार?

हे सगळे मी त्यांना सांगितले नाही, ते बरेच झाले. कारण वन्संचा प्रश्न किमतीचा नव्हताच. अकरा सुती लुगड्यांना बोहारणीने दोन भांडी दिली असती. त्यांना हवा होता तो आकार: आईने घडी घातलेले, आईच्या हाताचे निऱ्यांचे मोडे अजून दिसत असलेले लुगडे. तुकडा झाला की तो आकार जातो. मायेचा माणूस आपण आकारानेच ओळखतो. अंधारात दारात उभा राहिला तरी खांद्यांवरून कळते कोण आले ते. मग त्याचे वस्त्र आकारात ठेवावे असे वाटण्यात चुकीचे काय? त्यांनी हिरवे इरकल निवडले. ते अखंड त्यांच्याकडे गेले. बाकीच्या दहांच्या मी गोधड्या शिवल्या. त्यांना त्यांची दिली, ती त्यांनी न बोलता घेतली.

याला दोन वर्षे झाली. यंदा गौरींच्या वेळी त्या आल्या तेव्हा पिशवीत ते इरकल होते. डांबरगोळ्या घालून, मलमलीत गुंडाळून त्यांनी ते जपले होते. पण पदराचे रेशीम घडीघडीवर उभे चिरत गेले होते. जुने रेशीम असेच करते. ते वापरले नाही तरी झिजते, आणि घडी एकाच जागी राहिली तर तिथेच तुटते; म्हणून जुन्या बायका वर्षातून एकदा तरी सगळ्या घड्या उलगडून नव्या जागी घालीत. मी म्हटले, "वन्सं, सुती अंग अजून चांगलं आहे." त्या म्हणाल्या, "शिव आता." एवढेच. वाचकांना वाटेल, शेवटी माझेच खरे झाले. मला तसे वाटत नाही. दोन वर्षे त्या महिन्या-दोन महिन्यांनी ती घडी उघडून बसत होत्या, हे त्यांच्या सुनेने मला सांगितले. जे त्यांना त्या लुगड्याकडून घ्यायचे होते ते घेऊन झाले होते. ते होण्याआधी मी हात लावला असता तर गोधडी तीच झाली असती, टाकेही तेच पडले असते. पण ती त्यांच्या अंगावर कधी आली नसती.

जपण्याच्या हौसेचा दुसरा प्रकार मला फारसा सोसत नाही. माझ्या भाच्याची बायको जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिच्या बाळासाठी मी फाल्गुनात दुपटे शिवले. वरून माझ्या आईच्या लुगड्याचा जांभळा तुकडा, आत माझी धोतरजोडीतली मऊ पाने, कडेला लाल पट्टी. महिन्याभराने फोनवर चित्र दाखवले तर दुपटे भिंतीवर! "मामी, इतकं सुंदर आहे, की खराब करायला मन होईना." मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. यजमान म्हणाले, "अगं, भिंतीला थंडी वाजत असेल." मग मीच फोन केला. तेव्हा कळले की पहिल्या वर्षात बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण ठेवू नये, श्वास कोंडण्याचे भय असते, असे तिकडचे डॉक्टर बजावून सांगतात. आपल्याकडचेही आता तेच सांगतात. तिचे चुकले नव्हते. मी म्हटले, "पाळण्यात नको घालूस. पण दिवसा जमिनीवर अंथर, त्याला पालथा पडू दे त्यावर, त्याला ओलं करू दे." परवा तिने पुन्हा चित्र पाठवले. कडेची लाल पट्टी गुलाबी झाली आहे आणि मध्ये केळ्याचा डाग आहे. ते चित्र मी आळीत चार घरी दाखवून आले.

याच सुमारास माझ्या नातीने मला अमेरिकेतल्या गोधड्यांचे एक पुस्तक आणून दिले. अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे, नदीच्या वळणात अडकलेली. तिथल्या काळ्या बायका, गुलामांच्या वंशातल्या, पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवीत आल्या. कापूस वेचताना झिजलेल्या विजारी, पिठाच्या पिशव्या, जे मिळेल ते. भिंतीच्या फटींतून वारा येई म्हणून शिवीत. २००२ साली त्याच गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात चित्रांसारख्या टांगल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची टपालाची तिकिटे निघाली. त्यांतली एक माझ्या मनातून जात नाही. मिसुरी पेटवे नावाच्या बाईने ती १९४२ साली शिवली. नवरा वारल्यावर तिने त्याचे शेतात घालायचे कपडे फाडले, त्यांतले धड तुकडे काढले आणि त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी म्हणून, आणि तिच्याखाली झोपता यावे म्हणून. चित्रात बघितले तर निळे, राखाडी, विटलेले पट्टे. गुडघ्याशी कापड अधिक फिके झालेले. आता ती संग्रहालयात आहे, म्हणजे तिला कोणी हात लावू शकत नाही, तिच्याखाली झोपण्याचे तर नावच नको. मला हे वाईट वाटावे, पण वाटले नाही. तिच्याखाली झोपायचे ते झोपून गेले. त्यानंतर ती भिंतीवर गेली. क्रम बरोबर आहे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही गोधड्या शिवतात. त्यांना कवंदी म्हणतात. त्या कडेपासून सुरू करून आत आत मध्यापर्यंत येतात आणि चारी कोपऱ्यांना घडीच्या कापडाची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी, असे त्या मानतात. त्यांची ही रीत मी उचलली आहे. दुपट्यालाही फुले लावली होती.

आता ज्या कामामुळे हे सगळे डोक्यात घोळते आहे ते सांगते. गेल्या वैशाखात आमच्या आळीतल्या एका घरचा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. चोवीस वर्षांचा. त्याच्या आईला मी लग्न होऊन आल्यापासून ओळखते. श्रावणात एका दुपारी ती कापडी पिशवी घेऊन आली. आत नऊ शर्ट. इस्त्री केलेले तीन, बाकीचे घामाचे, खुंटीवरचे. ती म्हणाली, "काकू, याची करून द्या. पण धुऊ नका."

मी गोधडीत न धुतलेले कापड घालीत नाही. घामाच्या कापडाला कसर लागते, रंग उतरतात, कांजी राहिली तर झुरळे येतात. हे तिला सांगताना माझा आवाज मलाच दुकानदारासारखा वाटला. ती म्हणाली, "वास जाईल ना." मी म्हटले, "तो तसाही जातो आहे, बाळ." तिने मान हलवली. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवले की एका शर्टाची कॉलर तेवढी न धुता ठेवायची आणि मधल्या थरात, कुणाला दिसणार नाही अशी घालायची. पहिल्यांदा गोधडी धुतली की ती धुऊन निघेल. केव्हा धुवायची ते तिचे तिने बघावे.

ती पैसे ठेवून गेली. ते मी घेतले. पूर्वी घेत नसे. पण सुनेने एकदा माझी हजेरी घेतली. "आई, तुम्ही हौस म्हणून फुकट शिवता. ज्या बायका पोटासाठी शिवतात त्यांना मग लोक म्हणतात, त्या काकू तर नुसत्या दोऱ्याचे पैसे घेतात." तिचे म्हणणे खरे आहे, आणि दुःखाच्या कामाला मजुरी घेऊ नये हे मला वाटते तेही खोटे नाही. सध्या मी मजुरी घेते आणि ती कुठे जाते ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. हा माणूस आमच्या घरी कधी बसला नव्हता. खुर्चीच्या टोकावर बसला. चहा घेतला नाही. म्हणाला, "काकू, शर्ट फाडू नका. मला ते कपाटात हँगरला हवेत." जरा वेळाने म्हणाला, "रात्री कपाट उघडलं की खांदे दिसतात."

आता बोला! आईला पांघरायचे आहे, बापाला बघायचे आहे. एक नाकाने नि कातडीने शोक करते, दुसरा डोळ्यांनी. दोघेही त्याचेच. पिशवी माझ्याकडे. शर्ट वाटून द्यावेत, चार हँगरला, पाच गोधडीला, असे शहाणपण मला पहिल्या घटकेतच सुचले होते. पण ते मी बोलून दाखवले नाही. ती वाटणी त्यांनी आपसात करायची आहे. मी केली तर उद्या प्रत्येकाला दुसऱ्याकडे गेलेलाच शर्ट हवा होता असे वाटेल, आणि मी मध्यस्थ म्हणून चांगली ठरेन, त्या घरात मात्र एक भिंत उभी राहील.

फाडण्याचा अधिकार कोणाचा, यावर मी रात्र रात्र विचार केला आहे. ज्याचे वस्त्र, त्याचा; पण तो नाही. ज्याने विकत घेतले, त्याचा, असे कायदा म्हणेल. ज्याचे दुःख मोठे, त्याचा, असे एखादा म्हणेल; ते मोजायला तराजू कुणाकडे आहे? मला आता इतकेच दिसते की गोधडीखाली जो निजणार त्याचा तो अधिकार आहे. आणि एकाच अंथरुणावर दोघे निजत असतील तर एकटीच्या होकाराने चालणार नाही, मग ते होकाराला लागेल तितका वेळ घेवोत. आईला हे मी सांगितले तेव्हा ती रागावली. "म्हणजे त्यांनी कधीच हो म्हटलं नाही तर?" मी म्हटले, तर नाही. ती पिशवी न घेताच गेली. आठ दिवसांनी मात्र पुन्हा आली, आणि तेव्हापासून दुपारी येऊन बसते. मी वन्संचे इरकल शिवते, ती दोरा ओवून देते. माझी नजर आता दोऱ्याला पुरत नाही, त्यामुळे ती नसली की माझे काम अडते. हे मी तिला जरा वाढवूनच सांगते.

नवरात्राआधी आमच्याकडे सगळ्या गोधड्या धुण्याची रीत आहे. माझ्या माहेरी, वाईला, त्या दिवसांत कृष्णेचा घाट गोधड्यांनी भरून जाई. आपटण्याचा आवाज पार पेठेत ऐकू यायचा. इथे मुलाने मशीन आणले आहे. भिजलेली गोधडी त्यात घातली की ते मशीन गाभण म्हशीसारखे जागचे हलू लागते, म्हणून आम्ही ती गच्चीवरच पायांनी तुडवतो. यंदा तुडवायला ती आली होती. तिच्याच घरचे एक दुपटे आणले होते. मुलाचे, बाळपणीचे. तिच्या सासूने शिवलेले. पिळताना तिने मला त्याचे टाके दाखवले. बारीक, अगदी तांदळाएवढे. संध्याकाळी ते वाळलेले दुपटे घेऊन जायला तिचा नवरा आला. जिन्यात उभा राहून त्याने ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारले, "हे कुणाच्या कपड्यांचं आहे?" ती म्हणाली, "तुमच्याच. तुमच्या कॉलेजातल्या शर्टांचं. तुमच्या आईंनी तेव्हा तुम्हांला विचारलं होतं का?" त्याला हसू आले की काय झाले ते मला नीट दिसले नाही, जिन्यातला दिवा गेलेला आहे.

शर्ट अजून पिशवीतच आहेत, माझ्या कपाटात, वरच्या खणात. कुणी काही बोललेले नाही आणि मी विचारणार नाही. खालचा थर मात्र मी अंथरून ठेवला आहे. माझी दोन जुनी लुगडी, आणि मध्ये आकाशी सदऱ्याची पाठ. यजमानांनी तो परवा स्वतः आणून दिला. चकलीचा सोऱ्या शोधायला सूनबाई त्या खोलीत गेल्या तेव्हा अंथरलेल्या कापडावर पाय पडू नये म्हणून त्यांनी भिंतीच्या कडेकडेने जाऊन तो काढला. चारी कोपऱ्यांवर तांबे आहेत.